घरून घेऊन जायच्या वस्तू: पैसे रोख घ्यावेत की यूपीआयवर?

तराजू (धागाकर्ता)

जुना फ्रिज, सागवानी कपाट, शिलाई मशीन, दिवाण. ही कुरिअरने जाणारी चीजवस्तू नव्हे. म्हणून ओएलएक्सवर किंवा फेसबुक मार्केटप्लेसवर 'स्वतः येऊन घेऊन जाणे' अशी अट घालून विकावी लागते. अशा सौद्यात मध्ये कोणीच नसतं. पैसे धरून ठेवणारी कंपनी नाही, ट्रॅकिंग नाही, पोचपावती नाही. माझं मत सरळ आहे: ५०,००० रुपयांच्या आतली वस्तू असेल तर फक्त रोख घ्या.

पैसे पाठवल्याच्या खोट्या स्क्रीनशॉटची मला फारशी धास्ती नाही, तो आता बऱ्याच जणांना ओळखता येतो. खरं दुखणं पैसे खरोखर जमा झाल्यावर सुरू होतं. समजा, एखाद्याने तिसऱ्याच माणसाला फसवून मिळवलेली रक्कम तुमच्या खात्यावर पाठवली आणि तुमचं कपाट नेलं. फसलेल्या माणसाने १९३० वर (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) तक्रार केली की ती रक्कम ज्या ज्या खात्यांतून फिरली त्यांचा माग काढला जातो आणि तुमच्या खात्यावर लीन लागतो, म्हणजे बँक ती रक्कम किंवा अख्खं खातंच अडवून ठेवते. तक्रार तेलंगणात नाहीतर राजस्थानात, आणि तुम्ही सोलापुरात. बँक सांगते, तिकडच्या तपास अधिकाऱ्याशी बोला. ८,००० च्या टेबलापायी पगाराचं खातं अडकतं. नोटेच्या मागे असलं शेपूट येत नाही.

भिंगरी

साफ असहमत. नोटेला शेपूट नसतं, पण नोट खोटी निघू शकते, आणि ते कळेपर्यंत टेम्पो गल्लीबाहेर गेलेला असतो. २०,००० म्हणजे पाचशेच्या ४० नोटा. संध्याकाळी जिन्यातल्या पिवळ्या दिव्याखाली कोण तपासतं? तपासायच्याच असतील तर प्रत्येक नोट तिरकी करून सुरक्षा धागा हिरव्याचा निळा होतो का ते पाहा, उजेडासमोर धरून गांधीजींचं जलचिन्ह पाहा, आणि दोन्ही कडांच्या पाच-पाच तिरप्या रेघा बोटाला उठावदार लागतात का ते बघा. तीही गठ्ठ्यातली वरची नोट नव्हे, मधल्या नोटा.

लीनवरही उपाय आहे. विक्रीसाठी वेगळं बचत खातं ठेवा, यूपीआय त्यालाच जोडा. अडकलं तर तेवढंच अडकेल. शिवाय केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये एका प्रकरणात बँकांना सांगितलंच आहे की पोलिसांनी कळवलेल्या वादग्रस्त रकमेपुरतंच खातं गोठवा, सगळं नको.

तराजू

केरळचा निकाल वाचून बँक आपोआप लीन उठवत नाही हो, त्यासाठी अर्ज-विनंत्या कराव्याच लागतात. आणि वेगळ्या खात्याची एक गोम लक्षात घ्या. तिथले पैसे तुम्ही दुसऱ्याच दिवशी पगाराच्या खात्यात वळवलेत, तर तपासाची साखळी एक कडी पुढे सरकते आणि लीन तिथेही लागू शकतो. ते खातं खरंच वेगळं ठेवायचं असेल तर त्यातले पैसे एटीएममधून काढा किंवा त्याच खात्यातून खर्च करा. इतकी उठाठेव करायची, तर पहिल्यापासून रोख काय वाईट?

कडीकोयंडा

तुम्ही दोघं पैसे कशाने घ्यायचे यावर भांडताय. मी म्हणेन, पैसे कोणाकडून येतात ते बघा. घेऊन जायच्या वस्तूंमध्ये सगळ्यात पद्धतशीर चालणारा प्रकार मधल्या माणसाचा.

तुमची बुलेट १,१०,००० ला लावलेली आहे. मधला तुमचेच फोटो उचलून तीच जाहिरात ८०,००० ला टाकतो. खऱ्या गिऱ्हाइकाला सांगतो, 'गाडी माझ्या भावाकडे आहे, बघून घ्या, त्याच्याशी पैशाचं बोलू नका.' तुम्हाला सांगतो, 'माझा मेहुणा येतोय, त्याला किंमत कळू देऊ नका, व्यवहार मी करतो.' गिऱ्हाईक येतं, गाडी पसंत पडते, आणि तुमच्या दारात उभं राहून मधल्याच्या खात्यात पैसे टाकतं. तुम्ही म्हणता, मला काही मिळालं नाही. ते म्हणतं, मी दिले. मधल्याचा फोन बंद. दोन प्रामाणिक माणसं एकमेकांच्या गचांडीला धरतात.

'किंमत बोलू नका' हे वाक्य कानावर आलं की सौदा तिथेच संपवा. दारात आलेल्या माणसाला पहिला प्रश्न हाच विचारायचा: तुम्हाला किंमत किती सांगितली आहे? आकडा जुळला नाही तर जाहिरात दोघांनी मिळून बघा. रोख असो की यूपीआय, ह्या प्रश्नाला पर्याय नाही.

उंबरठा

कडीकोयंडा यांच्याशी सहमत, पण यूपीआय बदनाम होतंय ते अर्धवट वापरामुळे. एक-दोन गोष्टी नीट मांडतो.

पैसे घेताना पिन लागत नाही, क्यूआर स्कॅन करावा लागत नाही. 'लष्करात आहे, बदली झाली, माझ्या खात्यातून पैसे सोडतो, हा कोड स्कॅन करा' हा फोन अजूनही येतोच. व्यक्तीकडून व्यक्तीला जाणारी कलेक्ट रिक्वेस्ट (समोरच्याने तुमच्याकडे पैसे मागणारी विनंती, पिन टाकला की तुमचेच पैसे जातात) १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली, त्यामुळे ठगांचा सगळा भार आता क्यूआरवर आणि 'वाहतुकीची पावती' म्हणून पाठवलेल्या एपीके फायलीवर (उघडली की फोनमध्ये अॅप बसवणारी फाइल) आहे. ती फाइल उघडायचीच नाही.

जमा झालं की नाही हे एसएमएसवर ठरवू नका. दहा आकडी नंबरावरून आलेला 'बँकेचा' मेसेज खोटाच समजा. स्वतःच्या बँकेचं अॅप उघडा, व्यवहाराची नोंद आणि शिल्लक दोन्ही बघा, यूपीआयचा १२ आकडी संदर्भ क्रमांक गिऱ्हाइकाच्या फोनवरच्या क्रमांकाशी ताडून घ्या. त्याच्या खात्यातून गेले पण तुमच्याकडे आले नाहीत असंही खरोखर होतं. तेव्हा ते खोटं बोलतंय असं नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमाप्रमाणे व्यक्ती-ते-व्यक्ती व्यवहार अडकला तर दुसऱ्या दिवसापर्यंत रक्कम आपोआप परत जायला हवी, नाहीतर बँकेला दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते. तोवर वस्तू घरातच. 'माझे तर कापले गेले' ही अडचण त्याच्या बँकेची, तुमच्या कपाटाची नव्हे.

आणखी एक, गिऱ्हाईक नेमकं दारात अडतं ते इथे: नव्या फोनवर यूपीआय नुकतंच चालू केलं असेल तर सुरुवातीचे किमान २४ तास ५,००० ची मर्यादा असते. हे आधीच विचारून घ्या, नाहीतर 'उरलेले रात्री टाकतो' सुरू होतं.

भिंगरी

आणि टेम्पोवाला! खरेदीदार येतच नाही, भाड्याचा टेम्पो पाठवतो. चालकाला पैशाचं काही ठाऊक नसतं, त्याला घाई असते, आणि भिडेखातर माल चढवला जातो. टेम्पो निघण्याआधीच पूर्ण रक्कम जमा हवी. चालकाचा फोटो, गाडीचा नंबर आणि 'अमुक वस्तू चालू स्थितीत मिळाली' एवढं खरेदीदाराच्या नंबरावरून लेखी. फ्रिज असेल तर चालू करून दाखवल्याचा छोटा व्हिडिओ काढा, त्यात मागचा अनुक्रमांक दिसू द्या.

सातासमुद्रापार

इंग्लंडमधल्या लेस्टरहून लिहितोय. इथला विक्रेता उलट बाजूने फसतो. ईबे या विक्रीच्या साइटवर 'कलेक्शन'ची (स्वतः येऊन न्यायची) वस्तू घेऊन गेल्यावर गिऱ्हाईक म्हणतं, मिळालीच नाही. कुरिअरचा पुरावा नसतो. म्हणून ईबे खरेदीदाराला एक क्यूआर आणि सहा आकडी कोड देतं. वस्तू हातात देताना विक्रेत्याने तो स्कॅन केला की ताबा दिल्याची नोंद होते. कोड न घेता वस्तू दिली की पुढच्या वादात हात रिकामे. पेपॅलने (ऑनलाइन पैसे पाठवायची सेवा) थेट पैसे घेतले तर खरेदीदाराला वाद उघडायला १८० दिवस मिळतात, आणि हातोहात दिलेल्या मालाला विक्रेत्याचं संरक्षण सहसा लागू होत नाही. म्हणून इथले जुने विक्रेतेही दारात रोखच मागतात. तराजूंना दुजोरा म्हणा हवं तर.

तराजू

घ्या! बरं, उंबरठा, तुमचं सगळं मान्य, पण तुम्ही खोट्या पैशावर बोललात. चोरीच्या खऱ्या पैशाचं काय?

उंबरठा

त्यासाठी नाव. आधी १ रुपया टाकायला सांगा, नोंदीत पाठवणाऱ्याचं नाव येतं. दारात उभ्या माणसाच्या ओळखपत्राशी ते जुळलं तरच बाकीची रक्कम घ्यायची. (हा एक रुपया त्याने तुम्हाला पाठवायचा. 'एक रुपया टाकून बघतो, कोड स्कॅन करा' म्हणणारा वेगळा.) नवऱ्याच्या खात्यातून, मित्राच्या खात्यातून म्हणाला तर नकार द्या, तेव्हा रोख मागा.

आणि जास्त रक्कम 'चुकून' आली तर स्वतः परत पाठवू नका, दुसऱ्या यूपीआय आयडीवर तर नाहीच. पाठवणाऱ्याला त्याच्या बँकेकडे तक्रार करू दे, तुम्ही तुमच्या बँकेला लेखी कळवा. परत पाठवलेले पैसे गेले आणि मूळ रकमेवर लीनही लागला, असा दुहेरी फटका बसतो.

कडीकोयंडा

ओळखपत्र दाखवायला किती जण तयार होतात? पाच हजारांच्या टेबलासाठी आधार मागितलंत तर गिऱ्हाईक दुसऱ्या जाहिरातीकडे जाईल.

उंबरठा

आधार कशाला? लायसन्स नुसतं बघायचं, फोटोही काढायचा नाही. तेवढ्यालाही नाही म्हणत असेल तर जाऊ दे.

तराजू

रोखीवर मी ठाम आहे, फक्त थोडी सुधारणा करतो. नोटा घ्यायच्या त्या दिवसाउजेडी, शक्यतो आपल्या बँकेच्या शाखेत. मोजणी यंत्रातून गेल्या, तिथेच भरल्या, मग घरी येऊन वस्तू द्यायची. मोठी रोख रक्कम भरताना पॅन लागू शकतं, आणि २ लाख किंवा त्यावर रोख घेणं आयकर कायद्याने मनाच आहे, दंड तेवढ्याच रकमेचा. बुलेटसाठी मात्र खरेदीदाराच्या स्वतःच्या खात्यातून आयएमपीएस (बँक खात्यातून खात्यात लगेच पैसे पाठवायची सोय). फॉर्म २९ आणि ३० वर (गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे अर्ज) सही रक्कम दिसल्यावरच.

भिंगरी

म्हणजे टेबल विकायला आधी बँकेत जायचं. शाखा दुपारी बंद होते आणि गिऱ्हाईक ऑफिस सुटल्यावर येतं, त्याचं काय ते सांगा.