मदत हवी आहे : जुना एलसीडी टीव्ही सुरू होताना अडतो (दापोली, समुद्रकिनारा)

जाणकारांना नमस्कार.

आमचे घर दापोली तालुक्यात, हर्णैजवळ खलाटीत आहे; घर आणि समुद्र यांच्यामध्ये नारळ-पोफळीची एक वाडी, एवढेच अंतर. घरात २०१० साली घेतलेला ३२ इंची एलसीडी टीव्ही आहे. एलईडी नव्हे, पडद्यामागे बारीक ट्यूब असलेला त्या काळचा संच. चित्र अजूनही स्वच्छ दिसते, आवाजाबद्दल तक्रार नाही. अडचण आहे ती केवळ सुरू होण्याची, आणि ती हळूहळू वाढत चालली आहे.

रिमोटचे बटण दाबले की लाल दिवा हिरवा होतो, आतून रिलेचा (वीज जोडणाऱ्या आतल्या स्विचचा) 'टक्' असा आवाज येतो आणि पडदा उजळण्याआधीच दिवा पुन्हा लाल होतो. बटण पुन्हा पुन्हा दाबत राहिले की केव्हातरी टीव्ही लागतो, आणि एकदा लागला की रात्री बंद करेपर्यंत कुरकुर करत नाही. बंद करून लगेच लावला तर पहिल्या दमात लागतो. मात्र भिंतीवरचे बटण बंद करून रात्रभर ठेवला, तर सकाळी लाल दिवासुद्धा कधीकधी उशिराने उजळतो. वळवाच्या आणि परतीच्या पावसात आमच्याकडे विजा फार कडाडतात, त्यामुळे रात्री प्लग काढून ठेवण्याची घरात पद्धत आहे, आणि नेमकी तीच या टीव्हीला मानवेनाशी झाली आहे.

जवळच्या एका दुरुस्तीवाल्याने झाकण न उघडताच "मदरबोर्ड गेला, खारी हवा आहे, आता नवीनच घ्या" असा निकाल दिला. खारी हवा हे आमच्या भागात सगळ्याच दुखण्यांचे उत्तर असते. दाराची कडी गंजली तरी तेच आणि पंखा बंद पडला तरी तेच. माझे त्यावर समाधान झाले नाही, याचे कारण असे की दोष केवळ दमटपणाचा असता, तर मे महिन्यात, जेव्हा बसल्याजागी घामाच्या धारा लागतात, तेव्हा त्रास वाढायला हवा होता. प्रत्यक्षात मे महिन्यात टीव्ही बहुधा लगेच लागतो. याउलट जानेवारीत, हवा त्यातल्या त्यात कोरडी पण सकाळी गारवा असताना, तो हमखास अडतो. पावसाळ्यात अडतोच, पण तेव्हा ओल आणि गारवा दोन्ही एकदम असल्यामुळे त्यावरून काहीच ठरवता येत नाही. म्हणून हा प्रकार तापमानाशी निगडित असावा, म्हणजे पॉवर बोर्डावरचे (संचाला वीज पुरवणाऱ्या बोर्डावरचे) कंडेन्सर, अर्थात वीज साठवणारे डबीसारखे भाग, सुकत आले असावेत, असा माझा कयास आहे. जुन्या कंडेन्सरमधील द्राव कमी झाला की थंड असताना त्याचा अंतर्गत रोध वाढतो आणि तो गरम झाला की काम भागते, एवढे मला ठाऊक आहे.

झाकण उघडून पाहिले. स्क्रूंची डोकी गंजलेली, पॉवर बोर्डाच्या कडेला पालीच्या अंड्यांची रिकामी कवचे, आणि उष्णता खेचणाऱ्या ॲल्युमिनियमच्या पट्टीला अगदी लागून असलेले १००० मायक्रोफॅरड (साठवणक्षमतेचे माप), १६ व्होल्टचे दोन कंडेन्सर वरून फुगलेले. त्यांपैकी एकाच्या डोक्यावरच्या चिरेत तपकिरी खपली धरली आहे. जोडणीच्या काही पिनांवर हिरवट थर आहे. २०२० च्या जून महिन्यात निसर्ग वादळात आमची कौले उडाली, तेव्हा हा टीव्ही बरेच दिवस माजघरात ताडपत्रीखाली होता. पाणी आत गेले नाही, पण ओल नक्कीच लागली असणार. मल्टिमीटरने स्टँडबायचा (टीव्ही न लागता नुसता सज्ज असतानाचा) ५ व्होल्टचा दाब मोजला, तर लाल दिवा असताना तो बरोबर ५.१ दिसतो, आणि बटण दाबताच ४ च्या आसपास घसरून थरथरतो.

संध्याकाळी आमच्याकडे विजेचा दाब १८० व्होल्टपर्यंत उतरतो हे खरे, परंतु संचाच्या मागील पट्टीवर १०० ते २४० व्होल्ट असे छापले असल्याने तो मुद्दा मी बाजूला ठेवला आहे.

आता प्रश्न असे आहेत की, १६ व्होल्टच्या जागी २५ व्होल्टचे कंडेन्सर चालतील का, कारण जवळच्या दुकानात तेच मिळतात आणि त्यांवर ८५ अंश असे लिहिले आहे. फुगलेले दोनच बदलावेत की आजूबाजूचेही. आणि पिनांवरचा हिरवट थर कशाने काढावा. नवा टीव्ही घेण्याला विरोध नाही, पण वडिलांना या संचाचा रिमोट हाताला बसला आहे आणि डीडी फ्री डिशचा जुना बॉक्स तीन रंगी पिनांनी याच टीव्हीला जोडलेला आहे, त्यामुळे दुरुस्ती होत असेल तर ती आधी करावी असे वाटते. मला डाग देता (सोल्डरिंग करता) येतो, परंतु टीव्हीच्या पॉवर बोर्डावर आजवर काम केलेले नाही.

प्रतिसाद १

तुमचा कयास योग्य दिशेने आहे. बटण दाबताच ५ व्होल्ट घसरत असतील तर मुख्य बोर्डाला पुरेसा दाब मिळत नाही, तो स्वतःला बंद करून घेतो, आणि आपण त्याच्यावरच खापर फोडतो.

सर्वांत आधी सुरक्षिततेचे. बोर्डावरचा सर्वांत जाड कंडेन्सर, ज्यावर ४०० किंवा ४५० व्होल्ट असे लिहिलेले असते, तो प्लग काढल्यानंतरही सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास किंवा त्याहून अधिक दाब धरून राहू शकतो. पेचकसाने त्याची दोन टोके जोडून ठिणगी काढण्याची जी सवय काही जणांना असते, ती धोक्याची आहे. होल्डरमध्ये बसवलेला जुना पिवळ्या उजेडाचा ६० वॅटचा बल्ब त्याच्या दोन टोकांना काही क्षण लावावा, मग मीटरने दाब शून्याजवळ आल्याची खात्री करावी आणि त्यानंतरच हात घालावा.

१६ च्या जागी २५ व्होल्ट चालते, मात्र मायक्रोफॅरड तेवढेच ठेवावे आणि उंची व जाडी त्या जागेत मावते का ते पाहावे. ८५ अंशांचे साधे कंडेन्सर घेऊ नयेत. १०५ अंशांचे, कमी अंतर्गत रोधाचे मागावेत. तापमान दहा अंशांनी वाढले की कंडेन्सरचे आयुष्य साधारण निम्मे होते, आणि तुमचे दोन्ही कंडेन्सर त्या तापणाऱ्या पट्टीच्या कुशीतच आहेत. चिपळुणात मिळाले नाहीत, तर मुंबईला लॅमिंग्टन रोडवर नक्की मिळतील. पांढरा पट्टा ऋण बाजूला येतो, हे बसवताना पुन्हा एकदा पाहावे.

रात्रभर प्लग काढून ठेवल्यावर लाल दिवाच उशिरा लागतो, हे तुमचे वाक्य मला अधिक महत्त्वाचे वाटते. त्याचे कारण फुगलेले दोन कंडेन्सर नसून, घरच्या विजेच्या बाजूला पॉवर आयसीजवळ (वीजपुरवठा चालवणाऱ्या चिपजवळ) असलेला २२ किंवा ४७ मायक्रोफॅरड, ५० व्होल्टचा एक छोटा कंडेन्सर असण्याची शक्यता आहे. आयसीला जाग आणणारा तोच असतो. तो आकाराने लहान असल्यामुळे फुगत नाही, आतल्या आत सुकतो, आणि बाहेरून पाहणाऱ्याला नवा वाटतो. मोठे बदलून हा तसाच ठेवल्यामुळे काही महिन्यांत परत आलेले संच मी पुष्कळ पाहिले आहेत.

हिरवट थरासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रश वापरावा, नंतर पंख्याखाली काही तास वाळू द्यावे. पाणी किंवा पेट्रोल नको. शिवाय मोठे भाग हलू नयेत म्हणून कारखान्यात लावलेला पिवळट गोंद तपकिरी झाला आहे का ते पाहावे. काही जुन्या संचांतला हा गोंद कालांतराने ओल धरून वीज वाहू लागतो आणि खालच्या तारा खातो. तुमच्या किनाऱ्यावर खाऱ्या हवेला कुठे दोष द्यायचा असेल तर तो इथे द्यावा.

प्रतिसाद २

वरील सर्व मान्य आहे. फक्त कंडेन्सर मागवण्याआधी एक गोष्ट तपासून पाहावी, तिला पैसा लागत नाही. अंधारात बटण दाबून पडद्यावर तिरकी बॅटरी मारावी. अंधुक चित्र दिसत असेल किंवा आवाज येत असेल, तर दोष पडद्यामागच्या ट्यूबचा किंवा त्यांना उच्च दाब पुरवणाऱ्या इन्व्हर्टरचा असतो, आणि त्या वेळी या वयाच्या संचावर खर्च करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. त्या ट्यूबमध्ये पारा असतो, त्यामुळे पडदा स्वतः उघडू नये आणि संच भंगारवाल्याला न देता ई-कचरा घेणाऱ्या केंद्राकडे द्यावा.

धागाकर्त्याचा प्रतिसाद

दोघांचेही आभार. बॅटरी मारून पाहिली. चित्रही नव्हते आणि आवाजही नव्हता, त्यामुळे ट्यूब सुटल्या. चिपळूणहून १०५ अंशांचे कंडेन्सर आणवून फुगलेले दोन, त्यांच्या शेजारचे त्याच रांगेतील, आणि आयसीजवळचा छोटा असे सर्व बदलले. काढलेल्या छोट्या कंडेन्सरवर ४७ छापले आहे आणि मीटर ९ दाखवतो. बाहेरून त्यावर ओरखडादेखील नाही. जाड कंडेन्सरच्या बुडाशी गोंद खरोखरच गुळाच्या रंगाचा झाला होता, तो अल्कोहोलने मऊ करून लाकडी काडीने खरवडला. खालची एक तार काळवंडली होती, पण तुटलेली नव्हती.

आता बटण दाबल्यावर ५ व्होल्ट जागचे हलत नाहीत, आणि रात्रभर प्लग काढून ठेवल्यानंतरही टीव्ही पहिल्याच दमात लागतो. इन्व्हर्टरकडे जाणाऱ्या २४ व्होल्टच्या बाजूचे कंडेन्सर दिसायला ठीक आहेत, पण छोट्याचा अनुभव घेतल्यावर दिसण्यावर विश्वास उरलेला नाही. तेही आताच बदलून टाकावेत का, एवढे कुणी सांगितले तर बरे होईल. तोपर्यंत झाकणाचे चार कोपऱ्यांतले स्क्रूच लावून ठेवले आहेत.