चर्चा: गुलाबी ऑक्टोबर पुरे, तपासणीचा पैसा उपकेंद्रात लावा

मुक्ता_सोलापूर
ऑक्टोबर हा स्तनाच्या कॅन्सरच्या जागृतीचा महिना. तो आला की इमारतींवर गुलाबी दिवे, गुलाबी टी-शर्ट घालून मॅरेथॉन, मॉलबाहेर मॅमोग्राफीची (स्तनाच्या एक्स-रेची) गाडी. स्तनाच्या कॅन्सरचं नाव चारचौघांत घेता येऊ लागलं, हे श्रेय मी देते. पण पैसा चुकीच्या जागी चाललाय. तो उपकेंद्रातल्या नर्सने हाताने करायच्या तपासणीवर लावा.

पुरावा मुंबईतलाच आहे. टाटा मेमोरियलने १९९८ पासून तिथल्या वस्त्यांत ३५ ते ६४ वयाच्या दीड लाख बायकांचा अभ्यास केला. निम्म्या जणींना आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासलं, चार फेऱ्या. वीस वर्षांचा हिशोब २०२१ साली छापून आला. तपासलेल्या गटातल्या रुग्णांपैकी ३७ टक्के तिसऱ्या-चौथ्या स्टेजला सापडल्या, दुसऱ्या गटात ४७ टक्के. यंत्र नाही, फिल्म नाही. आपल्या सरकारी कार्यक्रमातही तिशीपुढच्या बाईची अशी तपासणी कागदावर आहेच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत मात्र ३० ते ४९ वयातल्या, कधीतरी स्तनतपासणी झालेल्या बायका देशभरात एक टक्कासुद्धा भरल्या नाहीत.

अभय प्र.
स्टेजचे आकडे दिलेत, मृत्यूचे गाळलेत. त्याच अभ्यासात मृत्यू १५ टक्के कमी दिसले, पण तो फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही, म्हणजे निव्वळ योगायोगही असू शकतो. पन्नाशीपुढच्या बायकांत सुमारे ३० टक्के घट आहे, तीही नंतर गट पाडून काढलेली. पन्नाशीच्या आत ठोस फरक नाही. आणि आपल्याकडे हा आजार पाश्चात्त्य बायकांपेक्षा साधारण दहा वर्षं आधीच गाठतो!

शांघायमध्ये १९८९ पासून गिरण्यांतल्या अडीच लाखांहून जास्त बायकांचा अभ्यास झाला, त्यातल्या निम्म्या जणींना स्वतःची तपासणी शिकवली होती. २००२ चा निकाल: मृत्यू तितकेच, कॅन्सर नसलेल्या साध्या गाठींच्या बायोप्सी (गाठीचा तुकडा काढून तपासणं) मात्र वाढल्या. त्या बायोप्सीच्या आदल्या रात्री घरात कुणाला झोप लागते का, विचारा.

मुक्ता_सोलापूर
मृत्यू हे एकच माप का धरायचं? लहान गाठ असेल तर बऱ्याचदा स्तन वाचवून ऑपरेशन होतं. काखेतल्या गाठी सरसकट काढाव्या लागल्या की कित्येकींचा हात कायमचा सुजतो. शेतात खुरपणाऱ्या बाईचा हात गेला तर तिच्या घराचं काय होतं, हे तुमच्या कसोटीत कुठे बसतं?

विदुला, न्यू जर्सी
इथे अमेरिकेत २०२४ पासून चाळिशी ते चौऱ्याहत्तर, दर दोन वर्षांनी मॅमोग्राम अशी शिफारस आहे. गाठ हाताला लागण्याआधीच दिसते. गरिबाला नर्सचा हात आणि श्रीमंताला यंत्र, ही वाटणी मला टोचते.

अभय प्र.
विदुला, तरुण बायकांचा स्तन घन असतो, त्यामुळे फिल्मवर पांढऱ्यात पांढरी गाठ लपते. शिवाय कॅनडातल्या मोठ्या अभ्यासात पंचवीस वर्षांनंतरही (२०१४) मॅमोग्राफीने मृत्यू कमी झालेले दिसले नाहीत. त्यावरही तज्ज्ञांची भांडणं आहेत, मान्य. पण तालुक्याला फिल्म वाचणार कोण?

शुभांगी सिस्टर
मी उपकेंद्रात नोकरी करते. तपासायला शिकवलंय आम्हाला. पण खोली एकच, पडदा नाही, दाराशी गावातला कुणीतरी बीपी मोजायला उभा. कोण ब्लाउज काढेल?

बरं, गाठ लागली. बाई म्हणते, "दुखत न्हाई ओ, दुधाची आसंल." समजावलं की तालुक्याला. सोनोग्राफीला जिल्ह्याला. बायोप्सीला परत तारीख. प्रत्येक वेळी मजुरी बुडते आणि सोबत कुणीतरी लागतं. मग घरचे म्हणतात, सुई टोचली की पसरतं. नाही पसरत हो, पण ऐकणार कोण? योजनेत ऑपरेशन फुकट होतं, त्याआधीच्या खेपांचं भाडं कुणी देत नाही. तपासणी वाढवून एवढंच होईल की माझ्या वहीत पुढे न गेलेल्या बायकांची नावं वाढतील.

अभय प्र.
सिस्टर, माझं म्हणणं याच्याच जवळ जातं. जागतिक आरोग्य संघटनेनेही दवाखान्यात आल्यापासून ६० दिवसांत निदान, असंच उद्दिष्ट ठेवलंय. मग सरसकट तपासणी सोडा. जिला लक्षण आहे तिला एकाच दिवशी सोनोग्राफी आणि सुईची बायोप्सी मिळू द्या.

मुक्ता_सोलापूर
न दुखणारी गाठ, आत ओढलं गेलेलं बोंड, त्यातून येणारं रक्त, संत्र्याच्या सालीसारखी कातडी, ही लक्षणं आहेत हेच जिला माहीत नाही, ती तुमच्या त्या दिवसाला येणार कशी? कुणीतरी आधी हात लावून सांगावंच लागेल.

शुभांगी सिस्टर
दोघांचं थोडं थोडं घ्या आणि मला पडदा द्या. लसीकरणाच्या दिवशी लेकराला घेऊन सून येते, तिच्यासोबत सासू असतेच. पन्नाशीची. अभयदादा, तुमच्या आकड्यात जिला फायदा दिसला ती हीच ना? सून रांगेत असते तेवढ्या वेळात सासू तपासून होते. तिला वेगळं बोलवायला गेलं तर ती कधीच येत नाही.