हर्णैची तारली की नॉर्वेचं सॅल्मन तेल? कुत्र्यामांजरांना 'नॅचरल' म्हणून नेमकं काय घालायचं

खाडीकाठचा (धागाकर्ता)

गेल्या आठवड्यात पुण्याहून पुतणी आली, ती आमच्या मोत्यासाठी खोकं घेऊनच. त्यात 'ग्रेन-फ्री' म्हणजे बिनधान्याच्या खाद्याची तीन किलोची पिशवी, सॅल्मन तेलाची बाटली, हळदीच्या गोळ्या आणि खोबरेल तेलाची इवलीशी बरणी. बरणीवर कुत्र्याचा फोटो. आमच्या पडवीत नारळाचा ढीग पडलाय, सोलायला गडी मिळत नाही म्हणून, आणि हिने दापोली तालुक्यात खोबरेल आणलं! म्हटलं, बाय माझे, याला काखेत कळसा म्हणतात.

मोत्या गावठी, नऊ वर्षांचा. सकाळी नाचणीची पेज, रात्री भात आणि हर्णै बंदरावर त्या दिवशी जी मासळी स्वस्त असेल ती. तारली, मांदेली, बांगड्याची डोकी. जून-जुलैत होड्या किनाऱ्याला लागल्या की अंडी नाहीतर कोंबडीचे पाय. मीठ-मसाला नाही. अंगावर हात फिरवला तर तेल लावल्यासारखे केस. मनी मांजरही त्याच ताटातलं खाते.

माझं म्हणणं असं. सॅल्मन तेलात जे ओमेगा-३ असतं तेच तारलीत आहे, आणि तारली आज पहाटेची आहे. बाटली कधीची, कोण जाणे. दुसरं, कुत्रा म्हणजे लांडगा, त्याला धान्य नको, ही जाहिरात खोटी. २०१३ साली 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकात संशोधन आलं होतं. पिष्ट पचवणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात दोन प्रती असतात, कुत्र्यात चारपासून तीसपर्यंत. माणसाच्या उकिरड्यावरचं खाता खाताच त्याला पिष्ट पचवता येऊ लागलं. उलट या ग्रेन-फ्री खाद्यांमुळे कुत्र्यांची हृदयं बिघडतात असं अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न-औषध खात्याने, २०१८ मध्ये सांगितलं. तेव्हा समुद्रकाठच्या माणसाने या पिशव्या-बाटल्या कशाला घ्याव्यात?

मांजरवेडी_रत्नागिरी

काका, कुत्र्याचं तुमचं चालू द्या. पण मनी 'त्याच ताटातलं' खाते हे वाचून पोटात गोळा आला.

आमचा बोका सोन्या. मिरकरवाड्याहून रोज ताजी तारली यायची आणि तो कच्चीच खायचा. शिजवलेली हुंगायचाही नाही. आम्हीही कौतुकाने द्यायचो, निसर्गाने दिलंय तसंच खातोय म्हणून. काही महिन्यांनी खाणं कमी झालं. मग चालताना झोकांड्या. आणि एक दिवस त्याची मान खाली पडली, हनुवटी छातीला टेकली, वर होईना. आम्हाला वाटलं कुणीतरी दगड मारला. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "कच्ची मासळी देता का?"

तारलीच्या जातकुळीतल्या बऱ्याच माशांत थायमिनेज नावाचं द्रव्य असतं, ते ब-१ जीवनसत्त्व मोडून टाकतं. मासा शिजवला की ते निकामी होतं. ब-१ ची इंजेक्शनं सुरू झाली आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सोन्याने मान उचलून माझ्याकडे पाहिलं. चार दिवस उशीर झाला असता तर झटके आले असते म्हणाले. ती तारलीसुद्धा पहाटेचीच होती काका.

वेंगुर्ल्याचो

आमच्या आज्येच्या वेळेपासून घरात मांजरां आसत. एकाकय कोणी टॉनिक दिल्यान नाय. मासो कापूक बसला की डोकी, शेपट्यो, आतडी सगळा तेंकाच, आणि कच्चाच. एकाचीय मान पडाक नाय. आता तुमी शिकयतास की मांजरान कच्चो मासो खाऊचो न्हय! मगे काय खाऊचा, फणस?

आधी_माणसं

बांगड्याचा भाव बघितलात का सध्या? माझ्या ताटात डोकंच येतं, कुत्र्याला काय देऊ?

दुकानवाला_चिपळूण

माझं पाळीव प्राण्यांच्या खाद्याचं दुकान आहे, म्हणजे माझा स्वार्थ आधीच सांगून टाकतो.

खाडीकाठचे काका रोज बंदरावर जातात, शिजवतात. माझ्याकडे येणारं गिऱ्हाईक सकाळी आठला घर सोडतं. त्याने घरी शिजवायचं म्हणजे काय होतं ते मी पाहिलंय. चार दिवस चिकन-भात, मग नुसता भात, मग दूध-बिस्किट. चांगल्या पिशवीवर 'संपूर्ण व संतुलित आहार' लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ निदान कुणीतरी हिशेब केलाय. 'नॅचरल' या शब्दाला तसा काही हिशेब नसतो, हे मीही मान्य करतो. खोबरेलाची बरणी माझ्याकडे आहे. खपते. मी स्वतः घेणार नाही.

मांजरवेडी_रत्नागिरी

दादा, पावसाळ्यात तुमच्याकडे सुट्टं खाद्य मिळतं का? आमच्या इथे पिंपात उघडं ठेवून शेरावर विकतात. जुलैच्या हवेत खोलीतलं मीठ पाझरतं, त्या खाद्याचं काय होत असेल?

दुकानवाला_चिपळूण

मिळायचं. दोन वर्षांपूर्वी बंद केलं. बुरशी डोळ्यांना दिसायच्या आधीच तिचं विष त्यात उतरलेलं असू शकतं, आणि ते लिव्हरवर जातं. घरी नेल्यावरही पिशवीतून डब्यात ओतू नका, पिशवीची घडी घालून पिशवीसकट डब्यात ठेवा. आणि ओतलंच तर आधीच्या तळाच्या चुऱ्यावर नवीन ओतू नका, चरबी तिथेच खवट होते.

सुईवाली

परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून शिकले, आता सिंधुदुर्गात. दिवसभर गुरं, संध्याकाळी कुत्री-मांजरं. धागा वाचून राहवलं नाही, जरा लांबेल.

वेंगुर्लेकर दादा, तुमच्या आज्येची मांजरं कच्च्या आतड्यांवर जगली नाहीत. ती कणगीतल्या उंदरांवर जगली. वर पाली, सरडे, बेडूक, कोंबडीची चोरलेली पिल्लं. मांजराला टॉरीन नावाचं द्रव्य लागतं, ते तिच्या शरीरात पुरेसं तयार होत नाही, आणि अख्ख्या उंदरात ते भरपूर असतं. काळीज, हाडं, रक्त, सगळं एका घासात. टॉरीन कमी पडलं की डोळ्याचा पडदा झिजतो आणि हृदय पसरतं. हृदयाचं कारण १९८७ मध्ये अमेरिकेत कळलं, तोवर विकतचं खाद्य खाणारी मांजरंही मरत होती. दुकानवाले दादा, तुमचा 'हिशेब'सुद्धा असा मांजरं मेल्यावर दुरुस्त झालेला आहे. आज डब्यावर टॉरीन लिहिलेलं दिसतं ते त्यानंतरचं. आणि गावात मांजर आजारी पडलेलं आपण बघतो कुठे? दिसेनासं झालं की म्हणतो बिबट्याने नेलं.

म्हणून फ्लॅटमधल्या मांजराला 'गावाकडचं खाणं' म्हणून मासळी-भात देणं फसवं आहे. भात गावाकडचा आला, उंदीर कुठे आला? आपल्याकडे उपाय मात्र स्वस्त आहे. तिसऱ्या, मुळे, कालवं या शिंपल्यांत टॉरीन उदंड असतं. कोंबडीच्या हृदयातही. पण ते पाण्यात उतरतं, म्हणून उकडलेलं पाणी ओतून देऊ नका, ते बशीत गेलं पाहिजे. शिजवून, बरं का, शिंपल्यांतही थायमिनेज असतं.

खाडीकाठचे काका, आता तुमची पाळी. नाचणीवर तुमचा भरवसा दिसतो. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम, तेही सगळं अंगी लागत नाही. अंड्याच्या टरफलाच्या एक ग्रॅम पुडीत सुमारे ३८० मिलिग्रॅम. मोत्या नऊ वर्षांचा आहे, निभावतंय. पण नुसता भात आणि बिनहाडाचं मटण लॅब्रेडोरच्या पिल्लाला दिलं की तीन महिन्यांत पुढचे पाय धनुष्यासारखे होतात. मांसात फॉस्फरस भरपूर, कॅल्शियम नावाला. मग शरीर हाडातून काढून घेतं. दर पावसाळ्यात असं एक तरी पिल्लू माझ्या टेबलावर येतं आणि मालक सांगतो, "मॅडम, रोज मटण देतो हो!"

एफडीएचं तुम्ही जरा ताणलंत. जुलै २०१८ मध्ये त्यांनी चौकशी सुरू केल्याचं जाहीर केलं. रोख वाटाणा-डाळी भरपूर असलेल्या खाद्यांवर होता. कारण सिद्ध झालेलं नाही आणि डिसेंबर २०२२ मध्ये त्यांनी नियमित माहिती देणंही थांबवलं. संशय आहे, निकाल नाही.

आता बाटल्या. खोबरेलात ओमेगा-३ जवळजवळ नाहीच, चमच्यामागे चरबी मात्र वाढते आणि जाड कुत्र्याचं स्वादुपिंड सुजू शकतं. जवसाचं तेल कुत्र्याला थोडंफार लागू पडतं, मांजराला जवळपास नाही. हळद, चिमूटभर घाला नाहीतर नका घालू. आणि कुणी मुशीच्या, म्हणजे छोट्या शार्कच्या, लिव्हरचं तेल रोज पाजत असेल तर थांबवा. त्यात 'अ' जीवनसत्त्व इतकं की काही महिन्यांत मांजराच्या मानेची हाडं एकमेकांना चिकटतात. रोज नुसती कलेजी घातली तरी तेच.

दहीभात

आमचं घर शाकाहारी. टिप्या तेरा वर्षं दहीभात, पोळी आणि कधी पनीर यावर जगला, शेवटपर्यंत आंब्याच्या बागेत माकडं हाकलायचा. त्याचं काय म्हणाल? शिवाय गोचीड होऊ नयेत म्हणून भातात रोज दोन पाकळ्या लसूण. कधी गोचीड दिसली नाही.

सुईवाली

टिप्याचं मान्य. कुत्रा शाकाहारावर जगू शकतो, पण तेरा वर्षं जगलेला टिप्या तुम्ही सांगता, तिसऱ्या वर्षी गेलेल्याची गोष्ट कुणी लिहीत नाही. मांजरावर मात्र हा प्रयोग कृपा करून नको. तिला गाजरातून 'अ' जीवनसत्त्व बनवतासुद्धा येत नाही.

लसणाबद्दल हात जोडते. कांदा-लसूण रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात, मांजरात तर फारच लवकर. आपल्याकडे गोचिडांमुळे होणारा बबेसिया हा तापही नेमक्या त्याच पेशी फोडतो. कुत्रं पांढरं पडून आलं की मी कुणाला दोष देऊ, गोचिडाला की तुमच्या फोडणीला? गोचीड न दिसण्याचं श्रेय मी टिप्याच्या कातडीला आणि तुमच्या अंगणाच्या झाडलोटीला देईन.

वेंगुर्ल्याचो

उंदराचा पटला हां मॅडम. आमच्या घरात आता स्लॅब पडलो, कणगी गेली, उंदीर पण गेले. मांजर दिवसभर टीव्हीसमोर. तेका मुळे देतंय.

खाडीकाठचा

कच्चं देत नव्हतो, पण मनीचं ताट आजपासून वेगळं. बायको म्हणाली, इतकी वर्षं मी सांगत होते तेव्हा ऐकलं नाहीस, अनोळखी डॉक्टरीणबाईचं ऐकतोस.

मात्र मोत्याच्या बाबतीत मी मागे हटत नाही. तारली कुकरला लावून मंद आचेवर अर्धा-पाऊण तास ठेवली की काटे बोटाने चुरले जातात, सगळी तशीच कालवतो. म्हणजे कॅल्शियमही आलं की नाही? पिशवीवाल्यांचा हिशेब मान्य, पण त्यांच्या हिशेबात पहाटेची मासळी नाही. बाकी विचारायचं ते असं, जून-जुलैत नुसत्या चिकनवर असतो तेव्हा टरफलाची पूड किती? आणि मासेमारीच्या बंदीत सुकट, जवळा चालेल का? घरात डबे भरलेले आहेत.

सुईवाली

कुकरच्या मऊ काट्यांसकट असेल तर मी तुमच्या बाजूने. भाजलेल्या-उकडलेल्या कोंबडीच्या हाडांना हा नियम लावू नका, ती टोकदार फुटतात.

टरफलं धुवून, वाळवून, अगदी पिठासारखी वाटा. अर्ध्या किलो बिनहाडाच्या मांसामागे साधारण अर्धा चहाचा चमचा. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी रक्त तपासा, नऊ वर्षांच्या कुत्र्याचं एरवीही तपासावंच.

सुकट-जवळ्यात मीठ फार. रात्रभर भिजवून दोनदा पाणी फेकलं तर चवीपुरतं चालेल, जेवण म्हणून नको.

मांजरवेडी_रत्नागिरी

काका, त्या सॅल्मन तेलाच्या बाटलीचं काय केलंत?

खाडीकाठचा

मोत्याने हुंगून तोंड फिरवलं. पुतणीला वाईट वाटेल म्हणून ती असेपर्यंत फ्रिजमध्ये ठेवली. खोबरेलाची बरणी मात्र संपत आली, दाराच्या बिजागऱ्या कुरकुरत होत्या.