बॉलिंग लीगचा हँडिकॅप तोंडी पटकन कसा काढायचा?

पर्वरीकर:
नमस्कार मंडळी, एक मदत हवी होती. पणजीत आमची ऑफिसातली छोटी लीग आहे, बॉल टाकून पिना पाडायच्या बॉलिंगची, दर गुरुवारी संध्याकाळी, चार टीम, टीमला चार जण. मशीन नुसता स्क्रॅच स्कोअर, म्हणजे प्रत्यक्ष खेळून झालेला स्कोअर दाखवतं, हँडिकॅप, म्हणजे कमी ॲव्हरेजवाल्याला वरून द्यायच्या पिना, मी कागदावर मांडतो. नियम असा, बेस २००, त्यातून माणसाचं ॲव्हरेज वजा, उरेल त्याचे ९० टक्के आणि अपूर्णांक सोडून द्यायचा. मोबाइलवर होतं हो, पण गेम सुरू व्हायच्या आधी सोळा जणांचं करायचं, कोण शूज बदलता बदलता विचारतोय माझे किती, कोण बॉल शोधतोय, त्यात बटण चुकतं आणि परत पहिल्यापासून. गेल्या गुरुवारी एका टीमला मी १७८ दिले आणि ती टीम एका पिनेने जिंकली, नंतर समोरच्या टीममधल्या मुलीने हिशेब केला तर तिचे १७६ आले. तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. ॲव्हरेज होती १४७, १३२, १६८, १५५. बरोबर कोणाचं? आणि तोंडी करायची काही युक्ती आहे का?

फोंड्याची_ताई:
मुलीचं बरोबर आहे. तुम्ही बहुतेक चौघांचे फरक आधी मिळवले, ५३, ६८, ३२, ४५ म्हणजे १९८, आणि त्याचे ९० टक्के काढले, १७८.२. पण तुमचा नियम माणसागणिक आहे ना, मग अपूर्णांकही प्रत्येकाचा वेगळा सुटतो. ४७.७ चे ४७, ६१.२ चे ६१, २८.८ चे २८, ४०.५ चे ४०. बेरीज १७६. तीन गेमच्या सिरीजला हाच फरक ६ पिनांवर जातो, म्हणून टीमची बेरीज कायम शेवटी.
आता युक्ती. बेस २०० आणि ९० टक्के असेल तर सगळा खेळ नवाच्या पाढ्यावर आहे. ॲव्हरेज १९० तर ९, १८० तर १८, १७० ला २७, १६० ला ३६, १५० ला ४५, १४० ला ५४, १३० ला ६३. मधल्या आकड्याला काय करायचं, तर वरच्या दहाच्या टप्प्यापासून जितक्या पिना खाली तितक्यातून एक कमी करून मिळवायचे. १४७ म्हणजे १५० च्या ३ खाली, ४५ आणि २, झाले ४७. १३२ म्हणजे १४० च्या ८ खाली, ५४ आणि ७, ६१. अपूर्णांक आपोआप सुटतो, वेगळं काही करायला नको. १ पासून ९ पर्यंत कुठलाही आकडा घेऊन बघा, चुकत नाही. मी आमच्या मुलांना गुणाकार शिकवताना हेच करून घेते.

डिचोलीचा_बाब:
ताईंनी छान सांगितलं. फक्त बेस बदलला तर टप्पे पण बदलतील हे लक्षात ठेवा, बेस २२० असेल तर १५० ला ६३ येतील. मी आधी फरक काढतो, दुकानात सुटे परत देतात तसा वर मोजत, १४७ ला ३ घातले १५०, वर ५०, झाले ५३. मग त्याचा दहावा भाग वरच्या पूर्ण आकड्याला नेऊन वजा करायचा, ५.३ चे ६ धरायचे, ५३ वजा ६, ४७. ही रीत कुठल्याही बेसला चालते. ८० टक्के असतील तर दहाव्याऐवजी पाचवा भाग, १०.६ चे ११, म्हणजे ४२. आणि ७५ टक्के असतील तर आमच्या आजोबांची पाउणकी, म्हणजे पाऊणपटीचा पाढा, त्यांना पावकी, निमकी, पाउणकी सगळी पाठ होती, दुकानात कागद लागायचा नाही. आपल्याला पाठ नाही तर निम्मे अधिक निम्म्याचे निम्मे, २६.५ आणि १३.२५, म्हणजे ३९.
दोघेच समोरासमोर असतील तर लोक नुसत्या ॲव्हरेजच्या फरकाचे ९० टक्के काढतात, ते अंदाजालाच ठेवा. १४७ आणि १६८, फरक २१, त्याचे १८.९ म्हणून कोणी १८ लिहील, पण खरे ४७ वजा २८ म्हणजे १९.

म्हापसा_लेन:
हँडिकॅप बरोबर काढला तरी ॲव्हरेज जुनं असेल तर सगळं फुकट, आणि तिथेच जास्त गोंधळ होतो. दर आठवड्याला सगळी बेरीज परत नका करू, प्रत्येकाच्या नावासमोर ॲव्हरेज आणि उरलेल्या पिना, दोन्ही लिहा. समजा १२ गेममध्ये १७७० पिना, म्हणजे १४७ आणि उरल्या ६. आज १५०, १७१, १३८ पडले. १४७ च्या मानाने ३ जास्त, २४ जास्त, ९ कमी, म्हणजे १८ जास्त. आधीच्या ६ घातल्या की २४. आता गेम झाले १५, तर २४ मधून १५ एकदाच निघतात, ॲव्हरेज १४८, उरल्या ९. नुसतं १४७ धरून पुढे गेलात तर त्या ६ पिना हरवतात आणि महिनाभरात कोणाचं तरी ॲव्हरेज एकाने खोटं होतं.
आणि कोणाचं ॲव्हरेज २०० च्या वर गेलं तर हँडिकॅप शून्य, उणे करायचं नाही, हे लीग सुरू होतानाच ठरवून ठेवा.

पर्वरीकर:
देव बरें करूं सगळ्यांचें! काल रात्री जुने सगळे कागद काढून बसलो, ताईंच्या रीतीने सोळा जणांचं चार मिनिटांत झालं, मोबाइल हातात न घेता. चूक माझीच होती, फरक आधी मिळवले होते. दोन पिना जास्त दिल्या आणि गेम एकाने जिंकलेला, म्हणजे निकालच उलटा होतो. सकाळी दोन्ही कॅप्टनना फोन केला, तो पॉइंट समोरच्या टीमला दिला, जिंकलेली टीम जरा हिरमुसली पण मान्य केलं. त्या मुलीला पण कळवलं, आणि या गुरुवारपासून माझ्या शेजारी बसून तीच दुसरा हिशेब करणार आहे.