क्लबमधील वार्षिक किलोमीटर-स्पर्धा: घ्यावी का, आणि मोजावे काय?

घाटमाथा (धागाकर्ता):
पुण्यातील आमच्या मोटरसायकल क्लबमध्ये येत्या दसऱ्यापासून वर्षभराची किलोमीटर-स्पर्धा घ्यावी, असा प्रस्ताव मी मांडला आहे. दसऱ्याला गाडी धुऊन, हॅंडलला झेंडूचा हार घालून पूजा आपण सगळेच करतो. त्याच वेळी मीटरचा फोटो काढून गटावर टाकायचा, पुढच्या दसऱ्याला दुसरा फोटो टाकायचा आणि वजाबाकी करायची, इतका साधा हा हिशेब आहे. बक्षीस रोख नसावे. एका सदस्याच्या इंजिनातून निघालेला, ओरखडे पडलेला पिस्टन लाकडी ठोकळ्यावर बसवून त्याचा फिरता चषक करता येईल. आपल्यापैकी निम्म्यांच्या गाड्या कव्हरखाली उभ्या असतात, बॅटरी उतरली की आठवण होते, आणि रविवारी नाश्त्यापुरत्या त्या बाहेर पडतात. या निमित्ताने चाके फिरतील, एवढाच माझा हेतू आहे. क्लबमध्ये यावर दोन तट पडले आहेत, म्हणून येथे मते मागवत आहे.

जुनी बुलेट:
माझा या प्रस्तावाला विरोध आहे. किलोमीटर मोजले की ज्याच्याकडे रजा आणि पेट्रोलचे पैसे जास्त तो जिंकणार, हे उघड आहे. पण खरी भीती शेवटच्या पंधरवड्याची आहे. दसऱ्यापूर्वीचे ते दिवस म्हणजे परतीचा पाऊस, ताम्हिणीत धुके, वरंध घाटात दरडीची माती रस्त्यावर आलेली, आणि अशा वेळी दोघांमध्ये दोनशे किलोमीटरचा फरक उरला असेल, तर कोणीतरी रात्री दहा वाजता गाडी काढणारच. झोपेशी लावलेली ही शर्यत आहे. तिला मैत्रीपूर्ण म्हटल्याने अंधारातले खड्डे काही बुजत नाहीत.

चेनस्प्रे:
भीती रास्त आहे, परंतु उपाय आहे. एका दिवसाचे चारशे किलोमीटरच धरावेत, त्यापुढचे सोडून द्यावेत. पुण्याहून गोवा साडेचारशेच्या आसपास पडते. चारशेचीच मर्यादा असेल तर वाटेत मुक्काम करणाऱ्याचे नुकसान होत नाही आणि एका दमात पळणाऱ्याला काही जास्त मिळत नाही. अमेरिकेतील आयर्न बट असोसिएशनची २४ तासांत १००० मैलांची, म्हणजे सुमारे १६१० किलोमीटरची राईड आपल्याकडेही अनेक जण करतात; ज्यांना ती हौस आहे त्यांनी तिकडे करावी, क्लबच्या हिशेबात ती आणू नये.

जुनी बुलेट:
दसऱ्याच्या दोन फोटोंवरून रोजची मर्यादा कशी तपासणार, हे चेनस्प्रे यांनी सांगितलेले नाही. त्यासाठी रोजची वही हवी, म्हणजे स्पर्धेऐवजी तलाठ्याचे दप्तर झाले. शिवाय माझ्यासारख्या जुन्या गाडीवाल्यांची मीटर केबल तुटली की आकडा थांबतो, आणि मीटर बदलले की शून्यापासून सुरुवात होते. ज्याची केबल महिनाभर तुटलेली होती, त्याने ‘अंदाजे हजार’ म्हणावे का?

रात्रपाळी:
मीटरपेक्षा मोठा प्रश्न वेगळाच आहे. आमच्या क्लबमध्ये एक सदस्य डिलिव्हरीचे काम करतो. कात्रज ते बाणेर, बाणेर ते वाकड असे करत त्याचे रोज शंभरावर किलोमीटर सहज होतात. म्हणजे पहिल्या दिवाळीच्या आतच तो आपल्या सगळ्यांच्या पुढे जाईल. हा विषय बैठकीत निघाला तेव्हा ‘कामाचे किलोमीटर धरू नयेत’ असे एकाने सुचवले आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. मला ते मुळीच पटले नाही. हिंजवडीच्या ऑफिसला गाडीने जाणाऱ्याचे येण्या-जाण्याचे पन्नास किलोमीटर चालतात, मात्र पाठीवर पिशवी असली की ते चालत नाहीत, हा कुठला न्याय? उलट भर पावसात, सिग्नलच्या गर्दीत, ग्राहकाचा फोन वाजत असताना गाडी सांभाळणे हे लोणावळ्याच्या रविवारच्या फेरीपेक्षा अवघड आहे. त्याला वगळायचे असेल तर स्पर्धेचे नाव ‘फुरसतीचे किलोमीटर’ ठेवावे, म्हणजे निदान प्रामाणिकपणा तरी राहील.

पहाटेची फेरी:
रात्रपाळी यांच्याशी मी सहमत आहे, म्हणूनच एकूण किलोमीटरऐवजी स्वतःच्या मागील वर्षाशी तुलना करावी असे सुचवते. मुले लहान असल्यामुळे मला महिन्यातून दोन सकाळी मिळतात. मी गेल्या वर्षापेक्षा तीस टक्के जास्त फिरले, तर ती माझी कमाई आहे. डिलिव्हरीवाल्या सदस्यालाही त्याच मापाने मोजता येईल.

चेनस्प्रे:
मग पहिल्या वर्षी गाडी झाकून ठेवायची आणि दुसऱ्या वर्षी दुप्पट फिरून पिस्टन घरी न्यायचा, ही युक्ती आमच्याकडच्या दोघांना तरी नक्कीच सुचेल. दुसरी गंमत अशी की दसरा तिथीने येतो. २०२५चा दसरा २ ऑक्टोबरला होता आणि २०२६मध्ये अधिक ज्येष्ठ असल्यामुळे तो ऑक्टोबरच्या उत्तरार्धात जातो. म्हणजे या दोन दसऱ्यांमधला आधार तेरा चांद्र महिन्यांचा आणि पुढची तुलना बारा चांद्र महिन्यांची होईल.

कलमबहाद्दर:
कायद्याची बाजू कोणीच मांडलेली नाही. मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम १८९नुसार राज्य सरकारच्या लेखी संमतीशिवाय सार्वजनिक रस्त्यावर शर्यत किंवा वेगाची चाचणी घेणे गुन्हा आहे. माझ्या समजुतीप्रमाणे वर्षभराचे अंतर मोजणे त्यात बसत नाही, पण ‘शनिवारी सकाळपासून रविवार संध्याकाळपर्यंत कोण जास्त’ असा पोटनियम घातलात, तर वेळ आणि अंतर एकत्र येतात आणि वेगाचीच स्पर्धा होते. तसे काही ठेवू नका.

घाटमाथा:
पोटनियम ठेवणार नाही. कामाचे किलोमीटर धरावेत, हे मला मान्य आहे. पिस्टन डिलिव्हरीवाल्या सदस्याकडे गेला तर जाऊ दे. शेवटच्या पंधरवड्याची अडचण मात्र खरी आहे, म्हणून दुसरा फोटो दसऱ्याऐवजी मेअखेरीस, पाऊस सुरू होण्याआधी काढावा आणि निकाल दसऱ्याला जाहीर करावा, असा बदल सुचवतो. तुटलेल्या केबलचा महिना शून्य धरला जाईल. केबल बदलून घ्यावी.

जुनी बुलेट:
मेअखेरीची कल्पना चांगली आहे, आणि तेवढ्यापुरता माझा विरोध मी सौम्य करतो. तरी एप्रिल-मेच्या उन्हात विदर्भाच्या रस्त्यांवर किलोमीटर गोळा करायला निघणारे उत्साही वीर माझ्या डोळ्यांसमोर आहेत. दुपारी बारा ते चार गाडी सावलीत, हे निदान नियमावलीत लिहा. आणि केबलबद्दल म्हणाल तर माझ्या गाडीची आताच तुटलेली आहे, शून्य धरण्याचा नियम मला अजिबात मान्य नाही.