पार्किंगमधल्या कुत्र्याच्या काळ्या पिल्लाचा फोटो नीट कसा काढायचा? (सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा)

सी-२०३ काकू: तिन्ही पिल्लं दत्तक द्यायचीत म्हणून फोटो टाकलेत बघा. दोन तपकिरींसाठी फोन आले पण काळ्याला कोणी विचारत पण नाहीये. फोटोत पिल्लू आहे की डांबराचा गोळा तेच कळत नाही 😔

ए-५०१: काकू बघितला फोटो. खाली पांढरीशुभ्र चादर टाकलीये ना, घोळ तिथे आहे. फोन त्या चादरीचा उजेड बघून सगळा फोटोच डार्क करतो मग काळं पिल्लू अजून काळं, डोळे गायब. चादर काढा, मातकट किंवा राखाडी काहीतरी टाका, नाहीतर सरळ मेंदीच्या कुंपणासमोर बसवा

बी-३०२: मी पिल्लावर टॅप करून काढला दादा तर ते राखेत लोळल्यासारखं दिसतंय

ए-५०१: हो कारण आता फोनला समोर फक्त काळं दिसतं, त्याला वाटतं अंधार आहे म्हणून तो उजेड वाढवतो. डोळ्यावर टॅप करायचं आणि बाजूला सूर्याचं चिन्ह येतं ते बोटाने थोडं खाली ओढायचं, केस काळे दिसायला लागले की थांबायचं. पांढऱ्या मांजरीला बरोब्बर उलटं, तिथे वर ओढायचं

डी-१०४ काका: फोटोचं राहू दे, माझ्या स्कूटरचं सीटकव्हर कुरतडलंय त्याचं बोला

सी-२०३ काकू: अहो म्हणूनच तर घर शोधतोय ना त्यांना

बी-३०२: रात्री ट्यूबलाइटखाली काढले ते सगळे हललेत आणि फ्लॅशमध्ये डोळे हिरवे भुतासारखे 😂

ए-५०१: फ्लॅश बंदच ठेव. कुत्र्यामांजरांच्या डोळ्यात मागे एक चकाकणारा थर असतो तो उजेड परत फेकतो, म्हणून हिरवे. आणि ट्यूबखाली उजेड कमी पडतो, फोन शटर जास्त वेळ उघडं ठेवतो, तेवढ्यात पिल्लू तीनदा मान फिरवतं. पळणारं पिल्लू स्वच्छ यायला शटर १/५०० सेकंद किंवा त्याहून कमी वेळच उघडं राहिलं पाहिजे, ते दिवसाच जमणार. पण भर उन्हात पण नको. पार्किंगची सावली जिथे संपते ना त्या कडेला आतल्या बाजूला बसवायचं, तोंड बाहेर उजेडाकडे, आपण बाहेरच्या बाजूला पण आपली सावली त्याच्यावर पडू द्यायची नाही. डोळ्यात आकाशाचा पांढरा ठिपका दिसला पाहिजे, काळ्या कुत्र्याच्या फोटोत सगळा जीव त्या ठिपक्यात असतो

ए-४०२ ताई: पोर्ट्रेट मोड लावू का, मागचं धूसर होतं ना त्यात, चेंबर आणि स्कूटरची चाकं जातील

ए-५०१: ताई मिशा आणि कानाचे केस पण जातात त्यात 😄 त्यापेक्षा चार पावलं मागे जाऊन २एक्स झूमवर काढा. जवळ जाऊन साध्या लेन्सने काढलं की नाक मोठं आणि डोकं एवढंसं येतं. आणि उभ्याने वरून काढू नका, सगळ्यांचे फोटो तसेच आहेत, नुसती पाठ आणि कान. त्याच्या डोळ्याच्या उंचीला फोन पाहिजे

सी-२०३ काकू: माझे गुडघे माहितीयेत ना तुला, मी कुठे लोळू जमिनीवर

ए-५०१: काकू फोन उलटा धरा, म्हणजे लेन्स खाली येते, वाकायला कमी लागतं. नाहीतर त्याला कट्ट्यावर ठेवा आणि तुम्ही खुर्चीत बसा, फक्त बाजूला कोणीतरी पिल्लाजवळ हात धरून पाहिजे, ते पडायला नको. आणि एक, नावाने हाका मारू नका सगळ्यांनी मिळून, ते पळत तुमच्याकडेच येतं. बोट फोटोच्या बटणावर ठेवून मग एकदाच चूंचूं आवाज काढायचा, मान तिरकी करतं तेव्हा पटापट पाच-सहा घ्यायचे. चार वेळा तोच आवाज केला की ढुंकून पण बघत नाही. सारखं ओठ चाटायला लागलं, कान मागे पाडले तर घाबरलंय, सोडून द्या

बी-३०२: मग पोस्टमध्ये कुठले टाकायचे?

ए-५०१: एक चेहऱ्याचा, एक पूर्ण उभा, आणि एक कोणाच्या तरी मांडीवरचा, म्हणजे केवढं आहे ते लोकांना कळतं. फिल्टर अजिबात नको. खाली वय, नर की मादी, लशीचा पहिला डोस कधी झाला ते लिहा

सी-२०३ काकू: डोस परवाच झालाय, कार्ड माझ्याकडे आहे. मग उद्या सकाळी ७ ला?

ए-५०१: ७:३० ला मागच्या गेटपाशी. दूध पाजून आणू नका, झोपेल

ए-४०२ ताई: चिकनचे बारीक तुकडे मी उकडून आणते, मीठ न घालता