एका दिवसात चार? होतात की!

कुणी कुणी विचारतं की एका दिवसात चार जुने सिनेमे सलग बघितले तर डोक्यात खिचडी होत नाही का. नाही होत, फक्त क्रम नीट लावा. आम्ही मे महिन्यात परभणीला मामाच्या घरी खिडक्यांना चादरी बांधून, कूलर लावून सकाळी आठलाच बसलो, मी तर चारही पहिल्यांदाच बघायलो होतो. संत तुकाराम (1936), माणूस (1939), जेवणानंतर सामना अन रात्री सिंहासन (1979). तुकारामातली जिजाई लय भिडली, पोरगं आजारी पडतं तर बाई चिडून थेट विठोबालाच जाब विचारायला देवळात जाती. आजी भाकरी थापता थापता दारात येऊन उभी राहिली, हात पिठाचे तसेच, म्हणली "खरंय माय तिचं, लेकरं काय अभंग खाऊन जगतील का."

सामना अन सिंहासन मात्र पाठोपाठच बघा, दोन्ही दिग्दर्शक जब्बार पटेलांचे. सामन्यात निळू फुले साखर कारखान्याचा मालक शोभणारा हिंदुराव अन सिंहासनमध्ये खांद्याला झोळी अडकवल्यासारखा थकलेला पत्रकार दिगू, एकाच दिवसात बघितल्यावर कळतं माणूस केवढा मोठा नट होता. ते संपल्यावर आम्ही गच्चीवर गेलो, बराच वेळ कुणी बोलेचना.